अकरा पाडसांचे कान

३ डिसेंबर. उणे १९.
माझी स्नोमोबाईल बाहेर काढली. टू-स्ट्रोक, क्रॉसओव्हर. रस्त्यावर पळते, भुसभुशीत बर्फातही चालते. इंकेरीची, म्हणजे बायकोची, चोवीस वर्षांची, तिच्याविषयी न लिहिलेलंच बरं.
चौदा तारखेला रेनडिअर कुंपणात घ्यायचे. दुपारी बाराच्या ठोक्याला फाटक बंद. गेल्या वर्षी मी पोहोचलो नाही (दोष हवामानाचा), आणि आमची सात पाडसं कानावर मालकाची खूण नाही म्हणून बेवारशी ठरून पाळणाऱ्यांच्या संघाच्या विक्रीत गेली. यंदा अकरा आहेत. इंकेरीने संघाच्या मुखियासमोर, ओइवासमोर, सुनावलं की यंदा हा वेळेत आला नाही तर अकराच्या अकरांच्या कानांवर मी माझी खूण कापणार. आमच्यात नवऱ्याची खूण वेगळी, बायकोची वेगळी; खूण ज्याची, पाडस त्याचं. माझी पणजोबांपासून चालत आलेली. मी हसत हसत हो म्हणालो. अजून अकरा दिवस आहेत, चिंता कसली!

५ डिसेंबर.
स्पार्क प्लग काढले. काळे, ओले, तेलकट. म्हणजे इंजिनाची भूक चांगली आहे. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह साफ करायला हवेत, काजळी धरते. उद्या नक्की.

६ डिसेंबर.
आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. राष्ट्रीय सणाला काजळी खरवडणं बरं दिसत नाही.

८ डिसेंबर.
व्हॉल्व्ह साफ केले. सगळं जोडलं. एक स्क्रू उरला. कारखान्यात मुळातच जास्तीचे घालत असणार.

९ डिसेंबर.
चाचणी घेतली. इंजिन झकास. फक्त मागे करकर, करकर. गाडीखालच्या रबरी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या तारा लोंबतात, त्या बर्फावर घासतात. काढून टाकल्या. काय शांतता!
इंकेरी दारातूनच ओरडली. म्हणे, अरे बाबा, वाऱ्याने झाडलेल्या तळ्यावर सुटा बर्फ नसतो, या तारा बर्फ खरवडून भुगा आत उडवतात, त्यावर तुझं इंजिन गार राहतं. मी म्हणालो, तारा नवशिक्यांसाठी असतात. ती म्हणाली, मग लाव की.
तिच्या गाडीत इंजिन गार करायला पंखा आहे, तिला यातलं काय कळणार.

११ डिसेंबर. उणे २७.
सुरू होईना. दोरी तीस वेळा ओढली. खांदा कामातून गेला. कॉइल, पंप, पेट्रोल, सगळ्यांवर संशय घेतला. इंकेरी चपला घालून आली, हँडलवरचं, इंजिन बंद करायचं लाल बटण वर ओढलं, आत गेली.
बटण मी मुद्दाम दाबून ठेवलं होतं. चोरांसाठी. (सर्वांत जवळचं घर चोवीस किलोमीटरवर.)

१३ डिसेंबर.
रात्रभर वारा. तळं काचेसारखं झालंय. इंकेरी म्हणते, जंगलातून जा, नाहीतर तारा तरी लाव. तळ्यावरून एकतीस किलोमीटर, जंगलातून अठ्ठावन्न. गणित मला येतं. तारा सापडत नाहीत, पण तो मुद्दाच नाही.

१४ डिसेंबर.
सकाळी ९.५५. तळ्याच्या मध्यावर. तापमानाचा दिवा लाल. दिवाच बिघडला असणार. तरी थांबलोय. पेन गोठलं, पेन्सिलीने लिहितोय.

१०.२०. पुन्हा लाल. प्लास्टिक वितळल्याचा वास. सगळीकडे बर्फ आणि मूठभर भुगा मिळेना! कुऱ्हाडीने फोडून आत भरतोय.

१०.५०. इंकेरी आली. माझ्याच मागावरून, सावकाश फटफटत. म्हणाली, चल, मागच्या स्लेजमध्ये बस, अजून वेळ आहे. ओइवासमोर, सगळ्या मंडळींसमोर, बायकोच्या स्लेजमध्ये पोत्यासारखा पडून जाऊ? आयुष्यभर हसतील. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, तू हो पुढे. ती म्हणाली, तैस्तो, पाडसं जातील. मी म्हणालो, दहा मिनिटं. तिने घड्याळ बघितलं, थर्मास आणि कातडं माझ्या हातात कोंबलं, गेली.

११.२५. सुरू झाली! म्हटलं नव्हतं?

११.३०. चारशे मीटर. कर्रर्र, आणि गप्प. दोरी ओढली तर हलत नाही. इंजिन जाम झालंय.

१२.००. फाटक बंद झालं असेल.
लिहायला काही नाही. 

१.४०. अंधारतंय, डिसेंबरचा दिवस इथे एवढाच. पायांची बोटं जाणवत नाहीत. खालून बर्फ तडकल्याचे आवाज येतायत, लांबून लांबून. बर्फ चाळीस सेंटिमीटर जाड आहे, मी स्वतः मोजलाय. मागच्या आठवड्यात. किनाऱ्याला. भीती वाटते. हे पान नंतर फाडायचं.

३.१०. दिवा. एकच. हळूहळू येतोय.

१५ डिसेंबर.
बोटं वाचली. काल स्लेजमध्ये झोपून घरी आलो, वरून कातडं. गाडी तळ्यावरच आहे.
अकराच्या अकरा पाडसांच्या कानांवर इंकेरीची खूण. एक पांढरं आहे म्हणे, फार गोड. विक्रीत जाण्यापेक्षा बरं, असं मी म्हणालो. ती हो म्हणाली, आणि माझ्या पायांवर कोमट पाणी घातलं.
मग धीर करून विचारलं, मी आलो नाही त्यावर ओइवा काय म्हणाला? मंडळी फार हसली का?
ती म्हणाली, कुणी विचारलंच नाही.
जेवताना मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.