स्नेही माणूस

गिरगाव,
७ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव कादंबरीस,
बाबाचे पुष्कळ आशीर्वाद. शंतनुरावांना नमस्कार सांग. बंगळूरची हवा मानवते ना? इकडे सकाळी चादर लागते आणि दुपारी पंखा. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याची कुरकुर आता घरच्या माणसासारखी झाली आहे. ऐकू आली नाही तरच काळजी वाटते.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, शेजारचा विहंग म्हणत होता तू लालबागला कुणाबरोबर तरी जेवत होतास. तिथून जाताना दिसलास त्याला. कोण होतं?" मी म्हटलं, "अगं, एक स्नेही माणूस आहे." आणि दारात कुणी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी त्या जेवणाविषयी लिहितो. ते लिहायला सोपं आहे.

डिसेंबरात मी त्या स्नेह्याबरोबर लालबागच्या मसाला गल्लीत गेलो होतो. त्या माणसाला वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा होता. मिरच्या कुटणाऱ्या डंकापाशी उभं राहून शिंकून शिंकून माझे डोळे पाझरले. त्या माणसाला मात्र एक शिंक नाही! वर मलाच म्हणे, "कवी लोकांनी मिरचीच्या वाऱ्याला उभं राहू नये." बाहेर पडलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. मागच्या बोळात एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर नवी पाटी दिसली, "मांगर". कोकणात शेतावरच्या खोपटाला म्हणतात तो मांगर. पाच-सहा टेबलं, भिंतींना शेणाच्या सारवणासारखा रंग, आणि आतून तिरफळाचा असा वास, की मला शाळेतल्या कवितेच्या तासाची आठवण झाली. म्हणजे वासाचा नि कवितेचा संबंध काही नाही. पण गुरुजी नवी कविता चालीवर म्हणायला लागायचे तेव्हा पहिल्या ओळीलाच अंगावर काटा यायचा ना, तसा आला.

चालवणारी मुलगी मनवा. तुझ्याहून लहानच असेल. बँकेतली नोकरी सोडून हे काढलं. स्वयंपाक तिचे सासरे लवूकाका करतात. ते मालवणकडचे, गिरणी बंद झाल्यावर बरीच वर्षं एका खानावळीत चूल सांभाळली. बोलतात अजून गावचंच.

पहिल्यांदा तिसऱ्यांची एकशिपी आली. एका शिंपीत मांस ठेवून दुसरी काढून टाकतात, तशी. खोबरं इतकं मऊ वाटलेलं, की जिभेला दाण्याचा स्पर्श नाही. मग बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. बये, मी काय सांगू! आपण परभू माणसं, मासा खाण्यात कुणाला हार न जाणारी. पण त्या तिखल्यापुढे मी मनातल्या मनात पगडी उतरवली. आंबट कुठे संपतं आणि तिखट कुठे सुरू होतं ते कळूच नये, यमक जुळलेलं कळू नये तसं. मी हे बोलून दाखवल्यावर माझं ते माणूस म्हणालं, "यमक राहू दे, काटा बघा आधी." आणि रिकाम्या शिंप्या एकात एक घालून ताटाच्या कडेला चळत रचत राहिलं. रुग्णालयात नोकरी केलेलं माणूस; हाताला पसारा सहनच होत नाही.

त्यानंतर आम्ही दर गुरुवारी तिथे जातो.

आता कालच्या गुरुवारचं. काल जेवण अर्ध्यावर आलं असताना मला प्रश्न आला, "लेकीचा फोन झाला का?"

"झाला. रविवारी."

"मग?"

"विहंगने आपल्याला पाहिलं होतं. तिने विचारलं कोण होतं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

मी सोलकढीचा पेला उचलला. "सांगितलं, एक स्नेही माणूस आहे."

"माणूस." चमचा खाली ठेवला गेला. "ते माणूस. अहो, शाळेत व्याकरणात पहिले यायचात ना तुम्ही? मला चक्क नपुंसकलिंगी करून टाकलंत?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले.

कादंबरी, तुझ्या लक्षात आलं असेलच. त्या बाई आहेत. त्यांचं नाव संघमित्रा. वर मी पुन्हा तेच "ते माणूस, ते माणूस" करत इथवर आलो. खोडून नव्याने लिहिणार होतो, पण राहू दे. एवढंसं सांगायला तुझ्या बाबाला किती लांबचा वळसा पडला, ते तुला दिसू दे.

त्या महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होत्या, निवृत्त होऊन आठ-दहा वर्षं झाली. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या. यजमान लवकर गेले. मुलगा राजरत्न इंजिनिअर आहे. आमची ओळख शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर झाली. मी आपला शाळेतली एक कविता पुटपुटत बसलो होतो आणि तिसऱ्या कडव्याला अडकलो. मागून आवाज आला, पुढची ओळ अचूक, चालीसकट. वळून पाहिलं तर या, हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "आमच्या बाई पाठ नसली तर उभं करायच्या. म्हणून राहिलीय." त्यांचं पाठांतर माझ्याहून पक्कं आहे, आणि हे मी कुणाविषयी सहजी म्हणत नाही, तुला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात मी त्यांना विचारलं, की आपण एका घरात राहू या का, रीतसर लग्न करून. हे मी तुला आज सांगतो आहे. त्यांनी राजरत्नला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "आई, काकांना सिगारेट नाही ना? मग बघ तुझं तू." मला त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आधी लेकीला सांगा." मी महिनाभर आज-उद्या करत राहिलो.

काल त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "मनमोहनराव, मला तिची परवानगी नकोय. तिला माहीत असायला हवं, बस. उद्या तुमच्याकडे कुणी आलं आणि 'या नर्सबाई, माझं बघतात' अशी ओळख करून दिलीत, तर मी चप्पल घालून तिथूनच परत फिरेन. चाळीतल्या पोरीला असल्या ओळखी पुष्कळ मिळाल्यात आयुष्यात."

मी मान खाली घातली. तेवढ्यात लवूकाका पंच्याला हात पुसत बाहेर आले. जेवण कसं झालंय ते स्वतः विचारायची त्यांची रीत आहे. आम्हां दोघांकडे बघून मला म्हणाले, "काय काकानू, मंडळींका तिखला आवडला मां?"

मंडळी! आमच्या पिढीत बायकोला हा शब्द. लवूकाकांनी परस्पर आमचं लग्न लावून टाकलं होतं. मी गोरामोरा. पण संघमित्राबाईंनी मान वर करून उत्तर दिलं, "तिखलं झकास झालंय. मंडळी अजून विचार करतायत."

लवूकाकांना काय कळलं कोण जाणे. म्हणाले, "इचार कसलो करतास गो बाय? भात निवता थंय!"

मनवा गल्ल्यावरून ओरडली, "बाबा, गिऱ्हाइकांना जेवू द्या की!" आणि मग आम्ही दोघं हसलो. पहिल्या त्या हसल्या.

तुझ्या मनात आईचा विचार येईल. यायलाच हवा. नलूचा फोटो आहे तिथेच राहणार आहे. एकदा संघमित्राबाईंनी मला विचारलं, "नलूताई भानोळं कसं करायच्या?" मी कोबी चिरण्यापासून खालीवर विस्तव ठेवण्यापर्यंत सगळं सांगत बसलो, चांगला तासभर. त्यांनी मध्ये एकदाही "आमच्याकडे असं करतात" म्हटलं नाही. इतकं चांगलं ऐकणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

त्या बौद्ध आहेत. तुझ्या आत्याला काय वाटेल, याचा मी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की आत्या वर्षातून एकदा येते आणि चहासुद्धा अर्धा टाकून जाते. तेव्हा तो विचार सोडून दिला. तुझं तसं नाही. तुला काय वाटेल याने मला फरक पडतो, म्हणून तर महिना गेला.

हे फोनवर सांगितलं असतं, तर तुला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तू माझ्यासारखीच आहेस, घाईत चुकीचं बोलतेस. पत्राचं तसं नसतं. दोनदा वाच. रागाव. शंतनुरावांशी बोल. मला सावकाश लिही किंवा लिहू नकोस. मार्चमध्ये तू येशील तेव्हा आपण तिघं जेवायला जाऊ. यायचं नसेल तर तसं सांग, मी गळ घालणार नाही. पण आलीस तर मी त्यांची ओळख करून देईन ती अशी: "कादंबरी, या संघमित्रा. यांच्याशी मला लग्न करायचंय." हे वाक्य मी काल रात्रीपासून पाठ करतो आहे. अजून एकदाही अडकलो नाही.

आज हे पत्र टाकून आलो, की त्यांना फोन करणार आहे. त्या हो म्हणतील की नाही, मला माहीत नाही. तुझं मन मी विचारतो आहे. त्यांच्याबरोबर पुढच्या गुरुवारी जेवायला जाणार आहे, हे मात्र विचारत नाही, कळवतो आहे.

तुझा बाबा,
आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा थोडासा
मनमोहन