ओथोच्या नाण्यावरची बाई

४ फेब्रुवारी

चि. ठमीस, अ. उ. आ.

चार महिन्यांत तुझी एक ओळ नाही. लग्न झालं की भाच्या मामाला विसरतात, हे तुझी मामी रोज ऐकवते आणि तुझी बाजू घेऊन घेऊन मी थकलो. फोन केला की तुझे सासरे उचलतात आणि तू अंघोळीला गेली आहेस म्हणून सांगतात. किती अंघोळी करतेस गं?

आता कामाचं. घबाड हाती लागलंय! रोमन सम्राटाचं चांदीचं नाणं. अक्षरं पार झिजलीत. कागद ठेवून पेन्सिलीने दोन्ही बाजूंचे ठसे काढलेत, ते सोबत आहेत. मला तो ओथो वाटतो, तीन महिन्यांचा राजा. त्याचा लाटालाटांचा विग बघ. टक्कल माझ्यासारखंच, पण त्याला विग परवडला. मागे उभी बाई, हातात पानांचं कडं, म्हणजे सुरक्षिततेची देवी. लहानपणी तू नुसत्या विगावरून त्याला ओळखायचीस आणि पुढे संग्रहालयात तेच काम केलंस, तेव्हा शिक्कामोर्तब तूच कर. जावईबापूंची बोट कधी परततेय तेही कळव.

मामीचा जीव तुझ्यात अडकलाय. लोभ आहेच, तो पत्र पाठवून वाढव.

तुझा टकल्या मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

पत्र उघडलेलंच हाती आलं. सासरे सगळी पत्रं आधी वाचतात. माझंही हे वाचूनच पेटीत टाकतील. त्यांना काळजी फार.

मी मजेत आहे. संग्रहालयातली नोकरी सोडावी असं इथे ठरलं, म्हणून सोडली. मला त्रास नको म्हणून भाजीसुद्धा सासूबाईच आणतात आणि जाताना बाहेरून कुलूप लावतात. खिडकीतून समोरचा छत्र्या दुरुस्त करणारा दिसायचा. एकदा त्याच्याशी दोन शब्द बोलले, तेव्हापासून खिडकीही बंद असते. ह्यांची बोट वर्षअखेरीस येईल. ह्यांनाही इथून सगळं छानच कळवलं जातं.

नाण्याचं म्हणाल तर मामा, तो ओथो नाहीच. तो त्याच्या आधीचा गाल्बा. आणि मागची बाई सुरक्षिततेची देवी मुळीच नाही. तिच्या हातात कडं नसून टोपी आहे, गुलामाला सोडून देताना त्याच्या डोक्यावर घालत ती. ही स्वातंत्र्याची देवी. तुम्ही म्हणाल, पोरगी शिकवलेलं विसरली. मी काहीही विसरलेले नाही. ठसा पुन्हा नीट बघा, आणि मामीलाही दाखवा.

कागद संपला. मामीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची ठमी


२५ फेब्रुवारी

चि. ठमीस, अ. उ. आ. आणि हे पत्र आधी वाचणाऱ्या व्याह्यांना स. न.

तुझं उत्तर वाचून मी चिडलोच. भिंग घेऊन बसलो. गाल्बाला कुठला आलाय विग? बाईच्या हातातही कडंच. शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही आणि तू करावीस, म्हणून तासभर मामीपुढे बडबडत होतो. तिने उभ्या जन्मात माझ्या नाण्यांकडे ढुंकून पाहिलेलं नाही. आताही ठसा बाजूला सारून तिने तुझं पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाली, अहो, तुमची अक्कल कुठे चरायला गेली? पोर सुटका मागतेय. मग ती रडली. मलाही राहवलं नाही.

तर व्याहीबुवा, नाणं ओथोचंच आहे. पण आमची पोर चुकलेली नाही, मलाच कळायला वेळ लागला. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं तिला न्यायला येतोय. जावईबापूंना बोटीवर तार केली आहे, सगळं खरं खरं लिहून.

ठमे, एका पिशवीत मावेल तेवढंच घे, बाकीचं राहू दे. शुक्रवारी दार तूच उघड. दुसऱ्या कुणी उघडलं, तर तू दिसेपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहणार आहोत. मामी तर आत्ताच चपला घालून बसली आहे.

तुझे, आणि तुझेच,
मामा-मामी