पाठ झालेला पेशंट

४ मार्च, सकाळी
आजपासून नवीन टाइमटेबल. जुनंही उत्तम होतं, फक्त पाळलं गेलं नाही. दोष वॉर्डचा. कॅन्सर वॉर्डात दिवसभर राबायचं आणि कॅन्सरचाच अभ्यास करायला वेळ नाही.
ऑन्कॉलॉजीची ही एन्ट्रन्स माझी शेवटची. नियमाने नव्हे, घरच्या कराराने. नवऱ्याने माझ्यासाठी बदली दोनदा पुढे ढकलली. यंदा सीट मिळाली नाही तर लेकीसकट आम्ही तिघं बदलीच्या गावी. तो म्हणाला, तू शांतपणे अभ्यास कर. मी शांतच आहे. कप फुटला तो ओला होता म्हणून.

१९ मार्च
क्वेश्चन बँक पूर्ण. छप्पन्न टक्के. पहिल्या फेरीला ठीक. चुकलेले प्रश्न उकरत बसण्यापेक्षा अख्खी बँक पुन्हा सोडवणं जास्त शास्त्रीय.

११ एप्रिल
कितवी फेरी, मोजणं सोडलं. त्र्याऐंशी टक्के. 'अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, तीन महिने खोकला' एवढं वाचलं की बोट आपोआप सिसप्लॅटिन या केमोच्या औषधावर जातं. अनुभव म्हणतात तो हाच.
माझ्याबरोबर परीक्षेला बसणारा ताडमाड (आडनावाने त्याला कुणी हाक मारत नाही) म्हणाला, तुला आजार कळलेला नाही, पेशंट पाठ झालाय. त्याला मत्सर वाटणं स्वाभाविक आहे.

२ मे
ताडमाडने कुठूनसा नवा पेपर मिळवून फोनवर पाठवला. एकेचाळीस. ज्याने काढलाय त्याला विषयच कळलेला नाही. फोनमधून उडवला. मग बँक पुन्हा सोडवली. चौऱ्याण्णव. जीव भांड्यात पडला.

९ मे, राउंडनंतर
कोपऱ्यातल्या बेडवरच्या आजींनी विचारलं, घरी कधी जायचं. मी कडेला बसून नीट समजावलं. पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात, ताप उतरायला हवा, मग बघू. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अगं बाई, तुझं विचारतेय, कालपासून याच कपड्यांत आहेस.
आमच्या वॉर्डाच्या मुख्य डॉक्टर, मॅडम, मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, पेशंटचं वाक्य संपू देत जा. हल्ली मॅडमची चिडचिड वाढली आहे. त्यांनी सुट्टी घ्यायला हवी.

२३ मे
नवऱ्याने नव्या क्वार्टरच्या खिडक्यांची मापं मागवली. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का. तो म्हणाला, आहे ना, पण पडदे शिवायला वेळ लागतो. लेकीने विचारलं, तिकडे तिला वेगळी खोली मिळेल का. मी अभ्यासाचं निमित्त करून आत आले आणि पुस्तक उघडून भिंतीकडे बघत बसले. यालाच मनन म्हणतात.

७ जून, परीक्षा संपवून
अप्रतिम पेपर. पहिलाच प्रश्न माझे गृहस्थ, तोच खोकला. पुढेही सगळी ओळखीची मंडळी. बाकीचे अजून डोकं धरून वाचत होते, माझा संपलाही. राहिलेल्या वेळात सीट मिळाल्यावर मॅडमशी काय बोलायचं ते ठरवलं.
बाहेर ताडमाड म्हणाला, शेवट बदललेत, बघितलंस ना? खोकलेवाल्याच्या किडन्या गेल्या होत्या, शेवटच्या ओळीत दिलं होतं. सिसप्लॅटिन दिलं असतं तर मेलाच असता.
मी म्हटलं, बघितलं.
मग विचारलं, असे कितीजणांचे शेवट बदलले होते. तो म्हणाला, जवळजवळ सगळ्यांचे.
त्याला बरंच काही जास्तच दिसतं.

२६ जून
निकालाचं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत 'अभिनंदन'. आईला फोन केला, ती ऐकताच शेजारणीकडे धावली. मॅडमना केला. वॉर्डातल्या सिस्टरनी अख्ख्या मजल्याला सांगितलं. लेकीने मला घट्ट मिठी मारली.
नवऱ्याने फोन हातातून घेतला आणि हळूहळू वाचलं. अभिनंदन, आपण परीक्षा यशस्वीरीत्या पूर्ण केली आहे. निवड यादीत आपले नाव नाही.
मी म्हटलं, पान नीट लोड झालं नसेल. त्याने पुन्हा उघडलं. नीट झालं होतं.
आईला परत फोन लावला. ती म्हणाली, थांब, शेजारणीला मी सांगून आलेय, आता तू नको, मीच सांगते. मग मॅडमना लावला. त्या म्हणाल्या, तुझ्या हातात माया आहे गं. हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. की सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं?

३० जून
खोकी भरतोय. बदलीच्या गावी कॅन्सरचं काही नाही. एक दवाखाना आहे, ताप, खोकला, जुलाब. नवरा म्हणाला, माझ्यामुळे तुला यावं लागतंय असं वाटत असेल, तर मी अजून एकदा बदली...
तिथे तो थांबला. मला वाटलं तो पुढे बोलेल, म्हणून मीही थांबले.
तो बोलला नाही. मी खोक्याला चिकटपट्टी लावली.