वीस मिनिटांचा निरोप

३ मार्च, सकाळी ९
लॅबमधल्या सीनियर ताईंचा अर्धवट प्रयोग सरांनी मला दिला. ताई वारल्या, त्याला दीड महिना झाला. त्यांचं टेबल, त्यांचा फ्रीझर, आता सगळं माझ्याकडे. मला काही वाटलं नाही. आठ दिवसांत काम फत्ते.

४ मार्च
काम सोपं आहे. एमआरएनए म्हणजे जनुकाने प्रथिन बनवण्यासाठी धाडलेला निरोप. गरज संपली की पेशी तो मोडून टाकते. ताईंचा निरोप जेमतेम वीस मिनिटं जगतो. पण पेशी तापवल्या की एक प्रथिन त्याला धरून ठेवतं, मग तो दोन तास टिकतो. ताईंना हे एकदाच दिसलं होतं. मी पुन्हा दाखवायचं. औषधाने नवे निरोप थांबवायचे, ठरल्या मिनिटांना नमुने घ्यायचे, उरलेलं मोजायचं. शेंबडं पोरही करील.

९ मार्च
नमुन्यांत काहीच नाही. शून्याव्या मिनिटालासुद्धा. औषध जुनं असणार.

१२ मार्च, दुपार
नवं औषध. निरोपाचा पुन्हा भुगा.
ताई मिनिटं मोठ्याने मोजायच्या. आज सगळे जेवायला गेले होते आणि विसाव्या मिनिटाला कोणीतरी 'झाली' म्हणालं. अगदी स्पष्ट. मी मागे वळून बघितलं नाही. कामात होतो.

१७ मार्च
तिसऱ्यांदा तेच. बायकोला सांगितलं, ताई नमुन्यांना हात लावतात. ती म्हणाली, ज्या बाईने सहा वर्षं तुला डब्यातलं अर्धं दिलं, ती कशाला आडवी येईल? बायकोला विज्ञान कळत नाही.

२० मार्च
टेक्निशियनबाईंना शेजारी पहाऱ्याला बसवलं. चोर सापडला म्हणाल्या. मीच. म्हणे प्रत्येक वेळी फ्रीझरमधून ताईंचं खोकं काढलं की मी उजवा ग्लोव्ह उतरवतो, झाकणावरच्या ताईंच्या अक्षरांवरून बोट फिरवतो आणि त्याच उघड्या हाताने नमुने हाताळतो. बोटांवरची एन्झाइम्स एमआरएनए खाऊन टाकतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवतो.
बाईंना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं.

२४ मार्च
प्रयोग बाईंनी केला. निरोप दोन तास टिकला. ताईंचं बरोबर होतं. सर म्हणाले, पेपरवर पहिलं नाव ताईंचं. ताईंच्या आईंना कळवायचं काम मी मागून घेतलं. चार वाक्यं लिहूनही ठेवली.
फोन लागला. आईंनी तीनदा विचारलं, कोण बोलतंय? रेंज फारच खराब होती.
तोच फोन बाईंनी घेतल्यावर सुधारली.