समोरचा टर्की बर्गर

३ नोव्हेंबर
समोरच्या शिंप्याच्या जागी नवं रेस्टॉरंट उघडलं. काचा, पिवळे दिवे, खुर्च्यांना पाठ नाही. बोर्डावर टर्की बर्गर. म्हणजे तुर्की लोक जेद्दात, आमच्या शराफिया मोहल्ल्यात आले. येऊ देत. इथल्या माणसाला सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी लागते, ती आमच्या खानावळीतच मिळते. दोन महिन्यांत खलास होतील. शरीफाला तसं सांगितलं. तिने मान हलवली, म्हणजे पटलं असणार. बायको आहे, पटणारच.
संकल्प: समोर बघायचं नाही.

४ नोव्हेंबर
बघितलं. काचच एवढी मोठी लावलीय, माणूस करणार काय!

६ नोव्हेंबर, दुपार
गिऱ्हाईक कमी. उकाड्यामुळे. समोर रांग आहे, तीही उकाड्यामुळेच. त्यांचा एसी जोरात आहे. आमचा आचारी तौकीर म्हणाला की टर्की म्हणजे देश नव्हे, पक्षी. कोंबडीचा थोरला भाऊ. याला कसं ठाऊक? तर खाऊन आला म्हणे. वर म्हणतो, चाचा, मस्त आहे. घरभेद्या! मी रागावलो नाही. फक्त दिवसभर त्याच्याशी बोललो नाही.

७ नोव्हेंबर
सगळी गल्ली बदलतेय. जागांचे करार महिनाअखेर संपतात, म्हणून शेजारचे घाबरलेत. शरीफा म्हणते, अबू हम्मादला एकदा भेटून या. अबू हम्माद म्हणजे आमच्या जागेचा मालक. गरजच नाही. इतकी वर्षं दर गुरुवारी माझी सुरमई खातो, मला 'सदीक' म्हणतो. सदीक म्हणजे दोस्त. शरीफा म्हणाली की तो टॅक्सीवाल्यालाही सदीकच म्हणतो. बायकांना दोस्तीतलं कळत नाही.
झोप लागली नाही. डाळ पचली नसावी.

१० नोव्हेंबर
ठरलं. शत्रूच्या गोटात शिरायचं, बर्गर खायचा, खोट काढायची. लग्नातला ब्लेझर घातला. दारातूनच परत आलो. मेनू कागदावर नाही, मोबाइलने स्कॅन करायचा. घाबरलो वगैरे नाही, चष्मा घरी राहिला होता. तो नाकावरच होता हे घरी आल्यावर कळलं.

१२ नोव्हेंबर
अरवाला घेऊन गेलो. मुलगी कॉलेजात आहे, तिला स्कॅन येतं. वाटेत म्हणाली, अब्बा, प्लीज, नो सीन. मी कधी सीन करतो?
ऑर्डर देऊन बसलो, तर आतून आचारी ओरडला, हिंदी! हिंदी म्हणजे हिंदुस्थानी; रस्त्यात आपल्याला कोणीही असंच हाकारतं, ते सोडून देतो. पण गिऱ्हाईक म्हणून बसल्यावरही? उभा राहिलो. मला नाव आहे, असं सुनावलं. सगळं हॉटेल बघत राहिलं. अरवाने मोबाइलमध्ये तोंड घातलं. आचारी तुर्कीच निघाला (म्हणजे माझं पहिलंच बरोबर होतं). छातीवर हात ठेवून बिचारा सांगू लागला की त्यांच्या भाषेत या पक्ष्याचं नावच 'हिंदी'. बर्गर तयार झाला, एवढंच. अरवा म्हणाली की अरबीत त्याला रोमी कोंबडा म्हणतात, म्हणजे रोमचा. म्हणजे जो तो त्याला दुसऱ्याच्या गावचा ठरवतो. जरा वाईट वाटलं मला त्याचं.
बर्गर कोरडा. अन्न टाकू नये म्हणून संपवला. अरवाचा अर्धा उरला होता, तोही.

१६ नोव्हेंबर, दुपार
अबू हम्मादचा निरोप आला. संध्याकाळी भेट, समोरच्या रेस्टॉरंटमध्ये. शरीफाला म्हटलं, बघ, पार्टी देतोय. करार पुढे चालू. तिने इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
कोपऱ्यात बसलो. हाक आली, हिंदी! हसलो, उठलो नाही. आता मी थोडाच फसतोय! शेजारच्या टेबलावर एक साहेब दचकून बघत होते, त्यांनाही समजावलं की पक्षी आहे. पुन्हा हाक, जोरात. आचारी खुणा करायला लागला. दाराशी अबू हम्माद उभा होता. मलाच बोलावत होता.
प्रेमाने शेजारी बसवलं. म्हणाला, या रेस्टॉरंटवाल्यांना कॉफी शॉपही काढायचंय, आमची जागा त्यांना दिली. महिनाअखेर खाली करायची. पाठीवर हात ठेवून म्हणाला की तुझ्या सुरमईसारखी सुरमई जेद्दात नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने नोटिशीचा कागद काढला, पेन उघडलं आणि विचारलं, सदीक, नाव काय तुझं?
इसहाक, म्हणालो.
चांगलं नाव आहे, म्हणाला.