किड्याला दिलेलं नाव

देऊळघाट

प्रिय निवेदिता,

तुझं पत्र गणपतीच्या सुमारास आलं आणि उत्तर मी आज, उन्हाळा लागल्यावर देते आहे. मध्ये तुझे मेसेजही आले. आपल्या त्या समुद्री किड्याच्या, कोपेपॉडच्या, नव्या जातीला तू माझं नाव देणार, हे वाचून मी गहिवरले असेन असं तुला वाटलं असणार. मी चहा न पिताच कॉलेजात गेले आणि दिवसभर मुलांवर उगाच खेकसले. कारण शेवटी, जाता जाता म्हणावं तसं, तू त्या किड्यांच्या नरांची कुपी मागितली होतीस. रत्नागिरीची ती जेटी पाडली, नर माझ्याकडेच उरले आणि त्यांच्यावाचून तुझा लेख अडला, असं लिहिलं होतंस. म्हणजे नाव माझं, नर माझे, लेख तुझा.

इथे बरं चाललंय. अम्मीला उजवा हात अजून उचलता येत नाही, पण बोलते. तिच्याजवळ बसायला मनकर्णाबाई येतात. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की विचारतात, ‘पोरी, समुद्र कुठं अन् देऊळघाट कुठं! तिथले किडे तू इथं काऊन पाहून राह्यली?’ मी सांगितलं, जेटीच्या खांबांना पिशव्यांसारखे जीव चिकटलेले असतात, दाबले की पाण्याची पिचकारी मारतात. त्यांच्या पोटात हे किडे फुकट राहतात, फुकट खातात. त्या म्हणाल्या, असे तर आपल्याकडंही लय हायेत. मला तुझी आठवण आली. राग मानू नकोस. किंवा मान.

रत्नागिरीला संशोधन करताना ओहोटीच्या वेळी खांब मीच खरवडायची. तुला त्या बुळबुळीत पिशव्यांची किळस यायची, म्हणून तू बरणी धरून काठावर. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. आपल्या बुलडाण्याची निवेदिता सोबत आहे, याचाच केवढा आधार होता! आणि ती दुपार? सगळे जिला एकच जात म्हणत आले होते, तिच्या दोन माद्या, आरपार दिसाव्यात म्हणून लॅक्टिक आम्लात ठेवून, मी बघत होते. पोटं अंड्यांनी सारखीच फुगलेली. पण शेपटीच्या टोकाचे काटे एकीचे सरळ, दुसरीचे आकड्यासारखे वळलेले. मी ओरडले, ‘सर, मले दोन जाती दिसून राह्यल्या!’ सर माझ्या ‘मले’ला हसले, मग सगळी प्रयोगशाळा हसली. भिंगात कुणी पाहिलंच नाही. तूही हसलीस, निवेदिता. होस्टेलच्या खोलीत माझ्याशी तसंच बोलणारी तू! बाकीच्यांचं मी केव्हाच विसरले, तुझं हसणं अजून सलतं.

मग अम्मीला लकवा मारला आणि मी माझ्या कुप्या घेऊन गावी परतले. माझ्यामागे तू मात्र भिंगात पाहिलंस. दिसले ना काटे? लेखात माझं नाव दुसरं टाकशील का, असं मी फोनवर विचारलं होतं. दुसरं, पहिलं नव्हे. तू ‘बघते’ म्हणालीस. काय बघत होतीस ते पत्रावरून कळलं. जिच्या सन्मानार्थ जातीचं नाव ठेवायचं, तिनं लेखक व्हायचं नाही, हा आपल्या धंद्यातला रिवाज. माझा सन्मान केलास की मला का वगळलं असं कुणी विचारणार नाही, वर तुझ्या मोठ्या मनाचं कौतुक. जातीच्या नावापुढे मात्र, नाव देणारी म्हणून, कायम तुझं आडनाव. चांगलं डोकं चालवलंस.

तर कुपी पाठवता येणार नाही. ती माझ्याकडे नाही. दिवाळीच्या सुट्टीत नांदुऱ्याहून गाडीत बसले आणि नर, माद्या, सगळं कोलकात्याच्या संग्रहालयात स्वतः जमा करून आले. गेल्या आठवड्यात माझा लेख छापून आला. ज्याचा लेख आधी छापला जातो त्याचंच नाव टिकतं, हे तुला सांगायला नको. आकडेवाल्या नव्या जातीला मी तुझं नाव दिलंय. तुला लेखक म्हणून घ्यायची फार इच्छा होती गं, पण रिवाज तुला ठाऊकच आहे.

तुझीच,
महेजबीन