चणे गुरुवारपर्यंत कसे पुरले

ती. आदेलिनोदादास,

धाकट्या बेल्मिरोचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? तिकडे फ्रान्सात अजून बर्फ आहे म्हणतात, तेव्हा लोकरीची बंडी अंगातून काढू नकोस. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत (हा शब्द मी दोनदा विचार करून लिहिला आहे).

आमचा बाटल्यांच्या बुचांचा कारखाना कार्निव्हल उरकल्यावर बंद पडला, तो अजून बंदच आहे. मग आमच्या हिने, इदालिनाने, तालुक्याच्या इस्पितळात कपडे धुण्याचं काम धरलं. ती सकाळच्या बसने जायला लागली आणि स्वयंपाकघर माझ्या गळ्यात आलं. सासूबाई घरात आहेत, पण संधिवाताने त्यांची बोटं आखडली आहेत, त्यामुळे त्या चुलीशेजारच्या खुर्चीत बसून नुसतं बघतात. (त्यांचं नुसतं बघणं काय असतं ते तू आमच्या लग्नात अनुभवलं आहेस.) पहिल्या आठवड्यात मी राजासारखा रांधला. महिनाभर पुरवायचं सॉसेज बुधवारी संपलं. मग गुरुवारी बटाटे, शुक्रवारी बटाट्याचं पाणी. शनिवारी सासूबाईंनी तोंड उघडलं, “जावईबापू, उद्या काय, खुर्ची शिजवायची?”

तेव्हापासून मी शहाणा झालो. शिळा पाव टाकायचा नाही; त्यावर लसूण-कोथिंबीर ठेचून उकळतं पाणी ओतायचं, वर एक अंडं सोडायचं, की माणसं जेवतात. कोंबडी रविवारी उकडायची, सोमवारी तिचं मांस भातात, मंगळवारी हाडांचं सूप, आणि बुधवारी तिच्या आठवणी. पण माझी खरी करामत म्हणजे काबुली चणे. रविवारी मोठं पातेलं भरून चणे चढवायचे, त्यात डुकराच्या चरबीचा तुकडा आणि बांधावरचा पालक. सहा माणसांचं घर, आणि दादा, गुरुवारी रात्रीसुद्धा पातेल्यात चणे असायचे! मला वाटलं, देवाने माझ्या हाताला उशिरा का होईना, गुण दिला.

आता असा गुण माणूस घरात किती दिवस लपवणार? मी गुत्त्यावर सांगितलं. गुत्त्यावरून ते चर्चमधल्या बायकांच्या मंडळात गेलं, आणि एका रविवारी मला सभागृहात उभं करून त्यांनी चण्यांवर बोलायला लावलं. मी पाऊण तास बोललो. (भिजवण्यावर वीस मिनिटं. टाळ्यासुद्धा पडल्या.) पुढच्या बुधवारी पाववाल्याची बायको एर्मिनिया दोघीतिघींना घेऊन दारात हजर. सगळ्यांची पातेली मंगळवारी दुपारीच रिकामी झाली होती. एर्मिनियाने आत येऊन आमचं झाकण उचललं, आत डोकावली आणि म्हणाली, “बेल्मिरो, तुझ्या चण्यांना पिल्लं होतात का रे?”

त्या गेल्या, पण माझ्या मनात किडा वळवळायला लागला. रोज संध्याकाळी मी सगळ्यांना वाढून कोंबड्या कोंडायला जातो आणि परत येईपर्यंत वाडगे रिकामे झालेले असतात. त्या दिवशी मी कोंबड्यांकडे गेलोच नाही, खिडकीबाहेर उभा राहिलो. आधी सासूबाई उठल्या. दोन्ही मनगटांत वाडगा धरून त्यांनी तो जवळजवळ अख्खा पातेल्यात ओतला आणि भिंतीकडे बघत बसल्या. मग आमची ओतिलिया (चौदाची झाली, तुझ्यासारखीच लांब नाकाची) हळूच उठली आणि तिने अर्धा ओतला. मग इदालिना. ती रोज सांगायची की इस्पितळात पोटभर मिळतं. धाकटे दोघे तेवढे प्रामाणिक, ते वाडगे चाटत होते. आणि खरं सांगतो दादा, हे सगळं बघत असताना माझ्या खिशात पावाचा टणक तुकडा होता, कारण माझ्या वाट्याचं मी वाढतानाच पातेल्यात ठेवत आलो होतो. चव घेता घेता पोट भरलं, असं सांगून.

मला हसू आलं असतं, पण सासूबाईंची मनगटं दिसली. दिवसाच्या उजेडातसुद्धा ती मला आजवर दिसली नव्हती. ओतिलियाच्या मनगटांपेक्षा बारीक झाली आहेत.

मी आत गेलो, पातेलं उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि दाराला खुर्ची लावून बसलो. म्हटलं, हे संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, “मला म्हातारीला कितीसं लागतं?” ओतिलिया म्हणाली, “आजी, तू ओततेस म्हणून तर मी ओतते.” इदालिना हसायला लागली आणि हसता हसताच एप्रनमध्ये तोंड लपवून बसली. मग आम्ही जेवलो. नुसते चमचे वाजत होते. सासूबाईंनी तिसरा वाडगा घेतला आणि म्हणाल्या, “मीठ महिनाभर कमी आहे. म्हटलं, बघू कधी कळतंय.”

आता चणे सोमवारी संपतात. उरलेला आठवडा लसणीच्या पाण्यातला पाव असतो, पण तो सगळे माझ्यासमोर खातात. एर्मिनियाला मी सांगितलं की तिने पालक जास्त घालायला हवा होता.

तुझा धाकटा,
बेल्मिरो

ता. क. तू लिहितोस की बांधकामावर दोन्ही वेळ मटण असतं, तुझं पोट सुटलं आहे, म्हणून जवळजवळ सगळी मजुरी वहिनीला पाठवतोस. मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हासुद्धा ओततोय.” तेव्हा एक फोटो पाठव. उभा, डोक्यापासून बुटापर्यंत, पट्टा दिसेल असा. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. कोटाच्या आत उशी बांधू नकोस. माझ्या सासऱ्यांनी अंगोलाहून तसाच फोटो पाठवला होता. तो अजून भिंतीवर आहे, आणि सासूबाई रोज सकाळी त्यावरची धूळ पुसतात आणि त्याला शिव्या घालतात.